शाश्वतता म्हणजे नेमकं काय टिकवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाश्वततेबद्दल इतकं बोलून झालंय. आता पुन्हा फेरविचार कशासाठी?

कारण ही कल्पना ज्या गृहीतकावर उभी राहिली तेच आता डळमळलं आहे. निसर्ग दरवर्षी थोडा खालीवर होईल, पण त्याची सरासरी जागेवर राहील. आपण झेपेल तेवढंच घेतलं की सगळं सुरळीत चालू राहील, असं आपण धरून चाललो होतो. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ धरून पूररेषा आखल्या गेल्या. मासेमारीचे कोटे मागच्या काही दशकांच्या आकड्यांवरून ठरले. पिकांचे वाण ठरावीक पाऊसमान गृहीत धरून तयार झाले. २००८ मध्ये जलशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात स्पष्टच लिहिलं की पाण्याचं नियोजन करताना ही स्थिरता गृहीत धरणं आता सोडावं लागेल. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण औद्योगिक क्रांतीच्या आधी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होतं, आज ते ४२०च्या वर गेलं आहे. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सरासरी तापमान दीड अंशापेक्षा जास्त वाढलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष २०२४ ठरलं.

जमीनच सरकत असेल तर ‘आहे ते टिकवू’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगते. पुढच्या पिढ्यांचं आपण काही देणं लागतो, हा शाश्वततेचा गाभा सोडता कामा नये. मात्र आजची जीवनपद्धती थोड्याफार दुरुस्त्या करून अशीच चालू ठेवता येईल, हे तिच्यासोबत आलेलं आश्वासन सोडायला हवं. या दोन गोष्टी इतकी वर्षं एकत्र नांदल्या, म्हणून आपला गोंधळ झाला आहे.

ही कल्पना मुळात आली कुठून?

खाणीतून, असं म्हटलं तर आश्चर्य वाटेल. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्गच्या आसपास चांदीच्या खाणी होत्या. बोगद्यांना टेकू द्यायला लाकूड लागे, धातू गाळायला लोणारी कोळसा लागे, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस आजूबाजूचे डोंगर उघडेबोडके झाले. हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स हा तिथल्या खाण खात्यातला वरिष्ठ अधिकारी. लाकूड संपलं तर खाणी बंद पडतील, ही त्याची चिंता होती. १७१३ मध्ये त्याने वनव्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला. जंगल जेवढं पुन्हा वाढतं तेवढंच तोडावं, ही त्यातली मध्यवर्ती सूचना.

नियम शहाणपणाचाच होता. पण त्यातून टिकवायचा होता तो लाकडाचा पुरवठा. जंगलातले पक्षी, बुरशी, झरे, तिथे गुरं चारणारी माणसं यांना त्या हिशेबात जागा नव्हती. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत वनाधिकाऱ्यांनी हिशेब इतका पक्का केला की जंगलच हिशेबाच्या सोयीचं होऊन गेलं. बीच आणि ओकच्या मिश्र जंगलांच्या जागी अनेक ठिकाणी एकाच वयाच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. स्प्रूस झटपट वाढतो, मोजायला सोपा, विकायलाही सोपा. जगभरच्या वनखात्यांनी हाच कित्ता गिरवला.

२०१८पासून जर्मनीत लागोपाठ कोरडे, तापलेले उन्हाळे आले. सालीखाली शिरणाऱ्या भुंगेऱ्यांना स्प्रूस राळेने अडवतो. भुंगेरा भोक पाडू लागला की राळ पाझरते आणि तो त्यात अडकतो. पाणीच नसेल तर पुरेशी राळ सुटत नाही. मग भुंगेरे आत शिरतात, अंडी घालतात, अळ्या सालीखालचा अन्न वाहून नेणारा थर कुरतडतात आणि काही आठवड्यांत झाड उभ्या उभ्या वाळतं. शेजारी त्याच जातीचं, त्याच वयाचं, तितकंच तहानलेलं झाड असतं. हार्ट्स पर्वतरांगेत डोंगरच्या डोंगर करडे पडले. साधारण सव्वातीन वर्षांत देशभरातल्या जवळपास ५ लाख हेक्टरवरचं वृक्षाच्छादन गेलं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की जर्मनीत तोड वाढीपेक्षा जास्त नव्हती. कार्लोवित्सचा नियम पाळला जात होता, तरीही जंगल मेलं.

१९८७च्या प्रसिद्ध व्याख्येत काही चूक आहे का?

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाने ग्रो हार्लेम ब्रुंडटलँड यांच्या अध्यक्षतेखाली ती व्याख्या दिली. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, असा तिचा आशय. व्याख्या वाईट नाही. वाईट झालं ते तिच्या वापरात. त्या वाक्याला लागूनच अहवालाने दोन गोष्टी बजावल्या होत्या. गरजा म्हणजे सर्वांत आधी जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि निसर्गाच्या क्षमतेला मर्यादा आहेत. भाषणांमध्ये आणि माहितीपत्रकांमध्ये पहिलं वाक्य राहिलं, पुढच्या दोन अटी गळून पडल्या. अग्रक्रम गेला आणि मर्यादाही गेली. मग उरलेलं वाक्य विमानतळाच्या विस्ताराला चालतं आणि आदिवासींच्या वनहक्कालाही चालतं.

किती घेतलं तर चालेल, हे विज्ञान सांगू शकत नाही का?

सांगू शकतं, पण अंदाज म्हणून. आपण तो अंदाज हक्क असल्यासारखा वापरतो आणि तिथे फसतो. मत्स्यव्यवसायात ‘कमाल शाश्वत उत्पादन’ नावाची संकल्पना अनेक दशकं प्रमाण मानली गेली. माशांचा साठा, त्यांचा वाढीचा वेग आणि मृत्यूचं प्रमाण मोजून दरवर्षी जास्तीत जास्त किती मासे धरता येतील हे काढायचं. कॅनडाच्या न्यूफाउंडलँड किनाऱ्यावरच्या कॉड माशाचं काय झालं ते सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण तिथे शास्त्रज्ञ होते, कोटे होते, खातंही होतं.

पाचशे वर्षं तिथे कॉड धरला जात होता. १९५०-६०च्या दशकांत मासे जहाजावरच साफ करून गोठवणारे मोठे ट्रॉलर आले आणि १९६८ मध्ये पकड सुमारे ८ लाख टनांवर पोहोचली, मग कोसळली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा आपल्या ताब्यात घेतला आणि वैज्ञानिक पद्धतीने कोटे ठरवायला सुरुवात केली. १९८०च्या दशकात किनाऱ्याजवळचे लहान मच्छीमार तक्रार करू लागले की मासे कमी लागतात आणि आकाराने लहान असतात. आकडे मात्र साठा वाढतोय असं सांगत होते. ट्रॉलरला तासाला किती मासा मिळतो, यावर त्या आकड्यांचा मोठा भर होता. संख्या घटली की कॉड दाट थव्यांत गोळा होतो आणि ध्वनिलहरींनी मासे शोधणारं यंत्र (सोनार) बसवलेलं जहाज नेमकं त्या थव्यावर जातं. समुद्र रिकामा होत असताना जाळी भरूनच येत होती.

२ जुलै १९९२ रोजी मासेमारीबंदी जाहीर झाली आणि सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांसाठी होती. ती ३२ वर्षं चालली. २०२४ मध्ये उठली तेव्हा कोटा ठरला १८ हजार टनांचा.

मला यातून दोन गोष्टी कळतात. ‘कमाल’ या टोकावर नेम धरला की चुकायला जागाच उरत नाही, आणि अंदाज थोडा जरी चुकला तरी कडेलोट होतो. दुसरी गोष्ट, छोट्या होड्यांतल्या मच्छीमारांचं निरीक्षण वेळेवर ऐकलं असतं तर निदान कोटा वाढता राहिला नसता. आणखी एक धोका मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिला. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्र हाच ‘मूळचा’ समजते. त्यामुळे ऱ्हास होत राहतो आणि तुलनेचा बिंदूही त्याच्यासोबत खाली घसरत जातो.

निसर्ग थोडा खर्च झाला, पण त्यातून पैसा, शिक्षण, यंत्रं उभी राहिली तर बिघडलं कुठे?

अर्थशास्त्रात या प्रश्नावर जुना वाद आहे. एक बाजू म्हणते की एकूण भांडवल टिकलं म्हणजे झालं. जंगल कमी झालं आणि कारखाने वाढले तरी बेरीज तीच. हर्मन डेली यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ म्हणतात की माणसाने बनवलेलं भांडवल निसर्गाला पूरक असतं, पर्याय नसतं. मासेच नसतील तर आणखी होड्या घेऊन उपयोग काय?

या वादातली पहिली बाजू प्रत्यक्षात कशी दिसते हे नाऊरूत पाहायला मिळतं. प्रशांत महासागरातलं हे बेट अवघं २१ चौरस किलोमीटरचं. तिथे उत्तम प्रतीचं फॉस्फेट होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून परदेशी कंपन्यांनी आणि सत्तांनी ते उपसलं, ते इतर देशांच्या शेतांवर खत म्हणून पसरलं. १९६८ मध्ये नाऊरू स्वतंत्र झाला आणि उत्खनन चालूच राहिलं. पुढच्या पिढ्यांसाठी त्यांनी एक निधीही उभारला. काही काळ हा देश दरडोई उत्पन्नात जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक होता. नंतर फॉस्फेट संपत आलं, निधी चुकीच्या गुंतवणुकींत आणि उधळपट्टीत गेला. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग प्रवाळखडकाच्या टोकदार सुळक्यांचा झाला आहे. तिथे शेती होत नाही की घर बांधता येत नाही.

भ्रष्टाचार आणि गैरव्यवस्थापन ही कारणं खरीच आहेत. पण समजा निधी नीट सांभाळला असता, तर बेरजेच्या हिशेबात नाऊरू यशाचं उदाहरण ठरलं असतं. बेट मात्र आज आहे तसंच असतं.

यंत्रं कार्यक्षम झाली की हा प्रश्न आपोआप सुटेल ना?

आजवर सुटलेला नाही. १८६५ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी नोंदवलं होतं की वाफेचं इंजिन कमी कोळशात चालू लागलं तेव्हा ब्रिटनचा कोळशाचा खप वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती शेकडो नव्या कामांना वापरली गेली. एलईडी दिव्यांचंही काहीसं तसंच. दिवा कमी वीज खातो, पण २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीचा रात्री उजळलेला भाग दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी वाढत गेल्याचं उपग्रहांनी टिपलं. १९७० मध्ये जग वर्षाला सुमारे ३० अब्ज टन खनिजं, इंधन, लाकूड, पिकं आणि दगडमाती उचलत होतं. आज हा आकडा १०० अब्ज टनांच्या पुढे आहे, आणि मधल्या काळात जवळजवळ प्रत्येक यंत्र अधिक कार्यक्षम झालं.

कार्यक्षमता हवीच. फक्त तिच्या जोडीला एकूण वापरावर मर्यादा लागते. नाहीतर वाचलेलं सगळं पुन्हा वाढीतच जिरतं.

‘ग्रहीय मर्यादा’ म्हणजे काय?

२००९ मध्ये शास्त्रज्ञ योहान रॉकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी मांडलेली चौकट. पृथ्वीची व्यवस्था गेली दहा-बारा हजार वर्षं ज्या स्थिर अवस्थेत राहिली, ती टिकवणाऱ्या नऊ प्रक्रिया त्यांनी निवडल्या आणि त्यांच्यासाठी सुरक्षित मर्यादा सुचवल्या. २०२३च्या मूल्यमापनात हवामान, जीवसृष्टी, जमिनीचा वापर, गोडं पाणी, नत्र-स्फुरदाचं चक्र आणि मानवनिर्मित रसायनं या सहा मर्यादा ओलांडल्याचं दिसलं. २०२५ मध्ये महासागरांचं आम्लीकरण ही सातवी. ओझोन थर आणि हवेतले सूक्ष्म कण या दोनच गोष्टी जागतिक पातळीवर सुरक्षित बाजूला आहेत. ही चौकट मला उपयोगी वाटते, कारण ती कार्बनपलीकडे बघायला लावते. ती कोणाच्या वाट्याला किती, हे मात्र सांगत नाही. ते राजकारणातच ठरवावं लागतं.

मग हा शब्दच टाकून द्यावा का?

माझ्या मते नको. ‘तग धरण्याची क्षमता’, ‘पुनरुज्जीवन’, ‘डीग्रोथ’ (उत्पादन आणि वापर ठरवून कमी करणं) हे पर्याय पुढे आले आहेत आणि प्रत्येकात तथ्य आहे, पण प्रत्येकाचा गैरवापरही तितकाच सोपा आहे. तग धरण्याचं कौतुक करता करता, ज्यांना वारंवार तग धरावा लागतो त्यांच्यावरच सगळं ढकललं जातं. त्यापेक्षा शब्द ठेवावा आणि प्रत्येक वेळी काय टिकवायचं, कोणासाठी, किती काळ, आणि त्यासाठी काय बंद करायचं, हे वदवून घ्यावं. शेवटचा भाग सहसा गाळला जातो. कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने बंद करणं हा शाश्वततेचा भाग आहे, आणि त्यात काम करणाऱ्यांच्या पुढच्या रोजगाराची तरतूद हाही.

कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांवर विश्वास ठेवावा का?

एकूण उत्सर्जन आणि एकूण कच्चा माल पाहा; ‘प्रति नग’ घट पाहून समाधान मानू नका. पुरवठादारांचं आणि ग्राहकांच्या वापरातलं उत्सर्जन हिशेबात धरलंय का, हेही तपासा. बहुतेक वेळा मोठा भाग तिथेच असतो.

माणूस लोभी आहे. सामायिक संपत्ती तो ओरबाडणारच, नाही का?

पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असंच मांडलं आणि कित्येकांनी ते सिद्धान्त म्हणून स्वीकारलं. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी प्रत्यक्ष ठिकाणं अभ्यासली आणि वेगळंच चित्र समोर आणलं. २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. त्यांच्या उदाहरणांतलं एक गाव स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल. तिथे १५१७चा नियम आहे की हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतात, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवता येतील. बाहेरून गाई विकत आणून कुरणावर सोडायला वाव नाही. ज्याच्याकडे नजर ठेवण्याचं काम, त्याला दंडातला वाटा. सगळे मिळून बनवलेले, सगळ्यांना तपासता येणारे असे नियम असतील तर माणसं शतकानुशतकं कुरण सांभाळतात. जिथे नियम वरून लादले जातात किंवा बाहेरचा कोणी हक्क सांगत येतो, तिथे ही घडी मोडते.

बिघडलेली जमीन पुन्हा जिवंत होते का?

होते, आणि ‘टिकवणं’ अपुरं का आहे हे इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. १९७०-८०च्या दशकांत आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळ पडले. बुर्किना फासोत जमिनीवर इतका टणक पापुद्रा धरला होता की पाऊस पडला तरी पाणी वाहून जाई. याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने ‘झाई’ ही जुनी खड्ड्यांची पद्धत घेतली आणि सुधारली. कोरड्या ऋतूतच, पाऊस यायच्या आधी, वीतभर खोल खड्डे खणायचे. ते त्याने नेहमीपेक्षा रुंद आणि खोल घेतले. त्यात शेणखत आणि पालापाचोळा घालायचा. त्या वासावर वाळवी येते, खड्ड्याच्या तळाला बारीक बोगदे पाडते आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या बोगद्यांतून खाली मुरतं. मग खड्ड्यात ज्वारी किंवा बाजरी पेरायची. खतासोबत आलेल्या बियांतून झाडंही उगवली, ती त्याने राखली, आणि पडीक जमिनीवर कित्येक हेक्टरांचं जंगल उभं राहिलं. शेजारी त्याला वेडा म्हणायचे, कोणीतरी जंगलाला आगही लावली. त्याने पुन्हा काम सुरू केलं. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये तो गेला. शेजारच्या नायजरमध्ये शेतकऱ्यांनी जमिनीत जिवंत राहिलेल्या बुंध्यांना फुटणारे कोंब तोडण्याऐवजी राखले आणि सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडी परत आली. तिथे कायद्यातला आणि व्यवहारातला बदल फार मोलाचा ठरला. पूर्वी झाड सरकारचं मानलं जाई. ते आपलं आहे असं वाटू लागल्यावर शेतकरी ते राखू लागला.

या जमिनी १९८०च्या अवस्थेत ‘टिकवून’ ठेवल्या असत्या तर ओसाडच राहिल्या असत्या.

गरीब देशांना ‘कमी वापरा’ सांगणं अन्याय नाही का?

सरसकट सांगणं हा अन्यायच आहे. अमेरिकेत माणशी कार्बन उत्सर्जन वर्षाला साधारण १४ टन आहे. सहाराच्या दक्षिणेकडच्या कित्येक देशांत ते १ टनापर्यंतही पोहोचत नाही. जगातले सर्वांत श्रीमंत १० टक्के लोक जवळपास निम्म्या उत्सर्जनाला जबाबदार आहेत. वापर कमी करायचा तो तिथे. ज्यांच्या घरात वीज नाही त्यांचा वापर वाढायलाच हवा. २०२२च्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत, हवामान बदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांसाठीच्या हानी भरपाई निधीवर सहमती झाली. त्यात जमा होणारा पैसा गरजेच्या मानाने फारच तुटपुंजा आहे, आणि ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

मी एकटी किंवा एकटा काय करू शकतो?

आपला कार्बन ठसा, म्हणजे आपल्यामुळे होणारं उत्सर्जन मोजा, ही सवय २००० नंतरच्या दशकात एका बड्या तेल कंपनीच्या जाहिरात मोहिमेने घरोघरी पोहोचवली. हे माहीत असावं. वैयक्तिक निवडी व्यर्थ नाहीत. त्यातही विमानप्रवास, घरातलं इंधन आणि मांसाहाराचं प्रमाण या निवडींना वजन आहे. पण ओझोनचा प्रश्न सुटला तो लोकांनी वैयक्तिक शपथा घेतल्या म्हणून नव्हे. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर जाहीर झालं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि पुढे जगातल्या सर्व देशांनी तो मंजूर केला. रसायनांच्या उत्पादनावरच बंधन आलं. गरीब देशांना अधिक मुदत आणि स्वतंत्र निधी मिळाला. तुमचा वेळ मर्यादित असेल तर तो पाण्याचे, जमिनीचे, विजेचे नियम जिथे ठरतात तिथे द्या.

आता उशीर झाला आहे का? जे वाचणारच नाही, त्याचं काय?

काही बाबतींत उशीर झाला आहे. उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणलं, म्हणजे हवेत जेवढं सोडलं तेवढंच परत काढून घेतलं, तर तापमानवाढ बऱ्याच अंशी थांबेल, असं विज्ञान सांगतं, त्यामुळे अंशाचा प्रत्येक दशांश लढवण्यासारखा आहे. समुद्राची पातळी मात्र त्यानंतरही शतकानुशतकं वाढत राहील. काही किनारे जाणार आहेत, आणि ते सोडायचे कसे याचा विचार आता शाश्वततेच्या चर्चेतच व्हायला हवा.

फिजीतलं वुनिदोगोलोआ हे गाव २०१४ मध्ये साधारण दोन किलोमीटर आत, उंचावर हलवलं गेलं. अलास्कातल्या न्यूटोक गावच्या युपिक या मूळनिवासी लोकांनी १९९४ मध्येच स्थलांतराची आखणी सुरू केली, कारण वितळत्या गोठणभूमीमुळे (वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीमुळे) निंगलिक नदी गावाचा काठ खात होती. जागा त्यांनी स्वतः निवडली. जमिनीच्या अदलाबदलीला २००३ मध्ये मंजुरी मिळाली आणि पहिली कुटुंबं नव्या गावात राहायला गेली ती २०१९ मध्ये. पैसा देणारी खाती पूर आणि वादळानंतरच्या मदतीसाठी बनलेली होती. हळूहळू खचणारं गाव त्यांच्या नियमांत बसत नव्हतं. नदी तोवर काठ खातच राहिली. अशी आणखी पुष्कळ गावं आज त्याच नियमांपुढे उभी आहेत. त्यांच्यासाठी जमीन, निधी आणि निर्णयाचा हक्क पाणी दारात येण्याआधी ठरला पाहिजे, आणि निर्णयाचा हक्क त्या गावांकडेच असला पाहिजे.